माउंटखाली गेलेली सावली

त्या उभ्या दगडांबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की लोक काटकोनाच्या दुकानात यायचे. खरं म्हणजे तो तिथं कधी गेलाच नव्हता. पण तिथं जाऊन आलेला प्रत्येक जण आपला फोटो फ्रेम करायला त्याच्याकडेच आणायचा, आणि असे त्रेचाळीस फोटो आजवर त्याच्या हाताखालून गेले होते. त्रेचाळीस वेळा तेच दगड. उंच, वेडेवाकडे, रिंगण करून उभे, त्यातल्या एकाचं डोकं तुटलेलं. माणसाला लिहिता-वाचता यायच्या आधी ते कुणीतरी तिथं ओढत आणून उभे केले, कशासाठी ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही, आणि ते बघायला कुठून कुठून माणसं येतात.

"जाण्यासारखं आहे का हो?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की काटकोन हातातली पट्टी खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा.

"तीन तास बस. त्यापुढं पाऊण तास पायपीट. आणि तिथं काय बघण्यासारखं आहे? दगड. त्यापेक्षा फोटो बघा. फोटोत निदान ऊन तरी लागत नाही."

गिऱ्हाईक हसायचं आणि बहुधा जाऊन यायचं. मग चव्वेचाळिसावा फोटो यायची वाट बघायला काटकोन मोकळा.

काटकोन हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. फ्रेमच्या चार कोपऱ्यांत तो असा सांधा बसवायचा की नख घालायला फट सापडू नये, म्हणून हे नाव पडलं. पुढं ते स्वभावालाही चिकटलं. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. मग समोरच्यानं कितीही डोकेफोड करावी, हा तसूभर हलायचा नाही. बायकोनं बावीस वर्षांत ही गोष्ट इतक्या वेळा अनुभवली होती की तिनं डोकेफोड करणंच सोडून दिलं होतं. ती एकदा विचारायची, फार तर तीनदा, आणि मग "बरं" म्हणायची. या "बरं"चा काटकोनाला अभिमान होता. आपलं म्हणणं तिला पटतं, असं तो समजून चालला होता.

बायको नगर वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर बसायची. तिथं त्या वर्षी एक नवा बाइंडर आला. फाटकी पुस्तकं उसवून, शिवून, नवा पुठ्ठा चढवून द्यायची हे त्याचं काम. वय पन्नाशीचं, बोलणं कमी. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, ऊन सोसायचं नाही, म्हणून बाहेर पडताना रुंद काठाची टोपी घालायचा. आता असल्या माणसाबद्दल कुणाच्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं. पण एकदा जेवताना बायको सहज बोलून गेली.

"काय हात आहे हो त्याचा. पुठ्ठा कापतो तर कड अशी येते, नुसतं बोट फिरवत बसावं."

 काटकोनही पुठ्ठाच कापायचा. फोटो आणि काच यांच्यामध्ये जो जाड कागद बसतो, ज्याला खिडकीसारखं चौकोनी भोक असतं, तो माउंट. त्या खिडकीची कड तिरक्या पात्यानं एका दमात कापावी लागते. हात थांबला की संपलं. बावीस वर्षं तो ही कड कापत होता. बायको दुपारी डबा घेऊन दुकानात यायची, समोर बसायची, पण त्याच्या कडेवरून बोट फिरवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. निदान ती तसं बोलली नव्हती.

"बाइंडिंगला काय लागतं," तो म्हणाला. "वरून कापड चढवलं की आतलं सगळं झाकतं."

"बरं," बायको म्हणाली.

त्यानंतर महिनाभरानं वाचनालयाच्या लोकांची सहल निघाली, आणि निघाली ती नेमकी त्या दगडांकडे. घरच्यांना आणलं तरी चालेल असं ठरलं होतं. बायकोनं सोमवारी विचारलं, "येता का?" बुधवारी विचारलं, "येता का? बसमध्ये जागा आहे." शुक्रवारी कपडे इस्त्री करता करता पाठमोरी राहूनच विचारलं, "बघा बाई, अजून वेळ गेलेली नाही." तिन्ही वेळा काटकोनानं एकच सांगितलं, तिथं काय बघण्यासारखं आहे. बाइंडर जाणार आहे का, हे त्याला विचारायचं होतं. पण विचारलं तर आपल्याला त्याचं काही वाटतं असं दिसेल.  ती "बरं" म्हणाली आणि रविवारी पहाटे गेली.

संध्याकाळी परत आली तेव्हा नाकाचा शेंडा उन्हानं लाल झाला होता आणि बुटांना गवत चिकटलं होतं. पाय दुखले, पाणी मिळालं नाही, उगाच गेले, असलं काहीतरी ती म्हणेल आणि आपण "सांगितलं नव्हतं?" म्हणू, अशी त्याची तयारी होती.

"कसं होतं?"

"छान होतं," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली. 

आठ दिवसांनी ती दुपारी दुकानात आली. डब्याबरोबर एक पाकीट होतं. त्यातून तिनं फोटो काढला आणि गिऱ्हाइकानं ठेवावा तसा टेबलावर ठेवला. "हा करून द्या. पण पूर्ण ठेवा हं. कुठं काही झाकू नका." एवढं बोलून ती वाचनालयाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

काटकोनानं दिवा जवळ ओढला.

तुटक्या डोक्याच्या दगडाला हात टेकून ती उभी होती आणि हसत होती. फोटोसाठी हसतात तसं नव्हे. मान मागं गेलेली, डोळे मिटलेले, एक हात पोटावर. आतून उकळी फुटल्यावर माणूस हसतं तसं. त्यानं आठवून बघितलं. लग्नातल्या फोटोत ती हसली होती, ते ओठ मिटून. मुलगी झाली तेव्हा हसली होती, ते रडत रडत. मुलगी नोकरीला परगावी गेली त्यानंतर घरात मोठ्यानं हसण्याचा प्रसंगच आला नव्हता. असं हसू त्यानं बावीस वर्षांत पाहिलेलं नव्हतं. ते होतं तर मग, इतकी वर्षं तिनं ठेवलं होतं कुठं? आणि काढलं ते कुणासमोर?

हा विचार मनात आला आणि त्याच वेळी त्याला ती सावली दिसली. फोटोच्या खालच्या कडेला, गवतावर, अंगठ्याच्या नखाएवढी. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं सूर्य होता, त्यामुळं त्याचीच सावली पुढं पडून फोटोत शिरली होती. दोन कोपरं वर उचललेली. मध्ये डोकं. आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी.

काटकोनाच्या अंगाचा तिळपापड झाला. कुठं काही झाकू नका म्हणे. म्हणजे ती सावली राहायला हवी. म्हणजे घरच्या भिंतीवर, जेवताना समोर, तो टोपीवाला रोज आपल्याला कोपरं दाखवत उभा राहणार, आणि त्याला चौकट करून द्यायची ती आपणच.

त्या दिवशी दोन काचा फुटल्या. तिसरी त्यानं कापायला घेतलीच नाही.

सरळ विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण सरळ विचारील तर तो काटकोन कसला. त्यानं रात्री जेवताना आडून सुरुवात केली.

"फोटो चांगला आलाय."

"हो ना?"

"एवढं हसण्यासारखं काय होतं तिथं?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं, आणि ओठांच्या कडेला काहीतरी हललं, ते तिनं पाण्याच्या भांड्याआड लपवलं. "ते तिथं गेल्याशिवाय नाही कळायचं," ती म्हणाली.

झालं. त्यानंतर काटकोनाला अन्न गोड लागेना. ज्यानं उभ्या आयुष्यात एक कादंबरी वाचली नाही, तो माणूस एके दुपारी वाचनालयात जाऊन पुस्तकांच्या कपाटांमधून फिरायला लागला. बायको टेबलावर नव्हती. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, बाइंडर पाठमोरा बसून पुस्तक शिवत होता आणि टोपी दाराजवळच्या खुंटीवर होती. काटकोनाच्या खिशात मोजपट्टी कायम असायची. त्यानं टोपीचा काठ मोजला. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सव्वा फूट. तो पट्टी गुंडाळतो न गुंडाळतो तोच बाइंडर वळला.

"या ना," बाइंडर उठून म्हणाला. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. बाई म्हणत होत्या, तुमचा सांधा एकदा बघायलाच पाहिजे."

काटकोनाला हे शब्द गोड लागायला हवे होते. पण त्याला ऐकू आलं ते एवढंच की बाई याच्याशी बोलत असतात. "टोपी चांगली आहे," तो म्हणाला आणि बाहेर पडला. बाइंडर बराच वेळ टोपीकडे बघत राहिला असणार.

फ्रेम काही पुरी होईना. बायकोनं विचारलं तर काच आली नाही. पुन्हा विचारलं तर फ्रेमची पट्टी संपली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, नुसतं "बरं" म्हणाली, आणि त्या "बरं"चा अभिमान वाटायच्या ऐवजी काटकोनाला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. त्यानं मनाशी ठरवलं. तिथं जायचं. फोटो घेऊन जायचं, जिथून तो काढला त्या जागी उभं राहायचं आणि काय ते एकदाचं बघायचं. तिथं जाऊन सावलीच्या मालकाबद्दल काय कळणार होतं, देव जाणे. पण संशय धरलेल्या माणसाला नुसतं बसवत नाही.

दुकान बंद असायच्या दिवशी, फ्रेमच्या पट्ट्यांचा नवा माल बघायला जातो असं सांगून तो निघाला. तीन तास बस. पाऊण तास पायपीट. आपण वर्षानुवर्षं सांगत होतो ते अगदी बरोबर होतं, हे त्याला चालता चालता पटलं, पण तिथं ते ऐकायला कुणी नव्हतं.

टेकाड चढून गेल्यावर समोर दगड आले. काटकोनानं त्यांच्याकडे एक नजर टाकली, ती तुटक्या डोक्याचा कुठला हे शोधण्यापुरती. तो सापडल्याबरोबर त्यानं खिशातून फोटो काढला. मागं त्रेचाळीस फोटो मोजूनमापून झालेले, त्यामुळं काम सोपं होतं. तुटका दगड डावीकडे, त्यामागं दोन जवळ जवळ उभे, त्यांच्या फटीतून लांबचं झाड. तो दोन पावलं मागं आला, एक उजवीकडे सरकला, पुन्हा अर्धं मागं. फटीत झाड बरोबर बसलं. म्हणजे इथं. इथंच उभा होता तो. त्या जागी गवत मेलेलं होतं, परातीएवढी माती उघडी पडली होती. हे एका माणसाच्या एका दिवसाच्या उभं राहण्यानं झालेलं नव्हतं, पण काटकोनाचं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. चारच्या सुमाराचं ऊन होतं. त्यानं कोपरं वर उचलली. पुढं गवतावर त्याची सावली पडली, बिनटोपीची, आणि त्याला वाटलं, यात आपण केवढे लहान दिसतो.

"तुम्ही तिकडं उभं राहायचं. इकडं मी."

त्यानं दचकून मागं बघितलं. फाटकाशी तिकिटं फाडणारी म्हातारी काठी टेकत त्याच्यामागं येऊन उभी राहिली होती. डोक्यावर गवताची रुंद टोपी, काठ उसवलेला.

"फोटो ना? मीच काढते सगळ्यांचे. एकटं माणूस आलं की कुणीतरी काढायला नको? जा, त्या तुटक्याशी जाऊन उभे राहा. हात टेकला तर चालतो, ढकलू नका. फोन आणा."

काटकोनानं फोन दिला. चार पावलं गेल्यावर तो वळला. म्हातारीनं मेलेल्या गवताच्या त्या जागेवर पाय बरोबर रोवले होते आणि दोन्ही कोपरं वर उचलली होती. तिची सावली पुढं गवतावर पडली होती. नखाएवढी नव्हे, चांगली लांब. पण टोपी तीच आणि कोपरंही तीच.

तो तुटक्या दगडापाशी गेला आणि त्यानं हात टेकला. बरं झालं, दगडाला हात टेकला तर चालत होता.

"असं तोंड करून नका उभे राहू," म्हातारी फोनच्या आडून म्हणाली. "मी सगळ्यांना विचारते तेच तुम्हालाही विचारते. खरं सांगायचं. घरून निघताना कोण म्हणालं होतं, तिथं काय बघण्यासारखं आहे म्हणून?"

इतकं झाल्यावर काटकोनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इथंच ती उभी होती. हाच प्रश्न तिला आला होता. आणि तिला, बरोबरच्या पाच-सहा जणांसमोर, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार एकदम आठवले होते. ते हसू बाइंडरचं नव्हतं. ते हसू त्याचं होतं. नवऱ्याचंच, अगदी हक्काचं. आपल्याशिवाय ते कुणाला काढताच आलं नसतं. आणि तरीही ते ऐकायला आपण सोडून सगळे हजर होते, हे त्याला बाइंडरपेक्षा जास्त लागलं.

"काय हो, कोण म्हणालं होतं?"

"मीच," काटकोन म्हणाला.

म्हातारीनं फोन खाली घेतला. इतक्या वर्षांत असं उत्तर तिला कुणी दिलं नसावं. "तुम्हीच? आणि कुणाला म्हणाला होतात?"

"बायकोला."

"ती येऊन गेली का?"

"येऊन गेली."

"मग हसली असेल," म्हातारी म्हणाली आणि फोन पुन्हा वर उचलून बटण दाबलं.

बसमध्ये बसल्यावर त्यानं फोटो बघितला. चोरी करताना सापडलेला माणूस दगडाला टेकून उभा होता.

संध्याकाळी तो घरी न जाता आधी दुकानात गेला. मागच्या फळीवर एका कंडक्टरची फ्रेम कधीची पडून होती. नवरा-बायकोचा त्याच दगडापाशी काढलेला फोटो, दोघंही दात काढून हसताहेत. बदली झाली आणि ते न्यायला आलेच नाहीत. काटकोनानं खिळे काढले, मागचा पुठ्ठा काढला, माउंट उचलला. खालच्या कडेला, माउंटखाली बरोबर अर्धा इंच गेलेली, टोपीची सावली होती.

तो स्टुलावर बसला. चांगला माउंट चारही बाजूंनी अर्धा इंच आत यायला हवा, हा त्याचा नेम. त्रेचाळीस वेळा त्यानं त्या म्हातारीला स्वतःच्या हातानं झाकलं होतं. आणि वर कड किती स्वच्छ आली म्हणून स्वतःवर खूश झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपला फोटो छापून आणला आणि दोन माउंट कापले. खिडकी फोटोपेक्षा मोठी ठेवली, चारही बाजूंनी पांढरी पट्टी दिसेल अशी, म्हणजे कुठं काही झाकायला नको. एक कड कापताना हात थांबला. ती त्यानं तशीच राहू दिली. दोन्ही फोटो त्यानं एकाच फ्रेममध्ये शेजारी शेजारी बसवले. डावीकडे ती. उजवीकडे तो. दोन्हींच्या पायाशी टोपीवाली.

घरी त्यानं फ्रेम जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि काही न बोलता हात धुवायला गेला. नळ बंद करून आला तरी बायको उभीच होती. तिनं आधी फोटो बघितले. मग सावल्या बघितल्या, एक आणि मग दुसरी. मग माउंटच्या त्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिथं हात थांबला होता तिथं ते थांबलं.

"इथं काय झालं?"

"हात थांबला."

"पट्ट्यांचा माल बघायला गेला होतात ना?"

"नाही."

"तिनं विचारलं तुम्हाला?"

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं."

बायकोनं मान हलवली. हसली नाही. खुर्ची ओढून बसली आणि फोटोतल्या त्या चोरी करताना सापडलेल्या माणसाकडे बघत राहिली. "टोपीचं काय प्रकरण होतं?" तिनं मग विचारलं. "बाइंडर म्हणत होता, तुमचे यजमान आले होते, माझी टोपी मोजून गेले. आम्हाला कुणाला काही कळेना. तो तर बिचारा सहलीला आलाही नव्हता, त्याला ऊन कुठं सोसतं."

याचं उत्तर काटकोनाकडे होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं. आणि बायको त्याच्याकडे अशी बघत होती की ते काढायची गरजही नव्हती.

"बरं, ते जाऊ दे," ती म्हणाली. "दगड कसे वाटले?"

 तीन तास बस, पाऊण तास चाल, तिथं चांगला तासभर मुक्काम. काटकोनानं झाडाची फट बघितली होती, मेलेलं गवत बघितलं होतं, टोपी बघितली होती. ज्या दगडाला टेकून उभा होता तो गार होता की तापलेला, हेसुद्धा त्याला आठवेना.

"बघायचे राहिले," तो म्हणाला.

 फ्रेम बायकोनं भिंतीला टेकवून ठेवली. त्यानं खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला. जो प्रश्न तिनं तीनदा विचारला होता तो त्याला एकदा विचारायलाही जड जात होतं.

"पुढच्या रविवारी," तो अखेर म्हणाला, "येतेस का?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. चष्मा कपाळावर चढवावा तसा हात कपाळाकडे नेला, मान जरा तिरकी केली, आणि हुबेहूब त्याच्या आवाजात, न्यायाधीशासारखी म्हणाली, "तिथं काय बघण्यासारखं आहे?"

आणि तिची मान मागं गेली, डोळे मिटले, एक हात पोटावर आला. काटकोन समोर उभा राहून बघत होता.